सव्वीस, सव्वीस, सव्वीस आणि एकदम एकाहत्तर : पाण्याच्या बिलाचा हिशेब कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे असून दर दोन महिन्यांनी पाण्याचे बिल येते. जुना मीटर नादुरुस्त झाल्यामुळे आठ महिन्यांपूर्वी नवा बसवण्यात आला. त्यानंतरची तीन बिले प्रत्येकी २६ युनिटांची आली आणि जुन्या मीटरवरचा वापरही साधारण तेवढाच असे. चौथे बिल मात्र ७१ युनिटांचे आले असून त्यावर मागील वाचन ७८ आणि चालू वाचन १४९ छापलेले आहे. माणसे तीच आणि वापरही तोच असताना हे कसे झाले, नवा मीटर जलद फिरतो आहे का, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बिल भरायचे थांबावे का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

मीटरवाचन, बिल तयार करणे आणि तक्रारींचे निवारण ही तिन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की, बिलातील रक्कम तूर्त बाजूला ठेवावी. रक्कम ही शेवटची पायरी असते. तिच्यात दर, स्थिर आकार, सांडपाण्याचा आकार, थकबाकी आणि विलंब आकार असे बरेच काही मिसळलेले असते, त्यामुळे चूक नेमकी कोठे झाली हे तिच्याकडे पाहून कळत नाही. आपल्या बिलात पुराव्याचे मोल फक्त दोन वाचनांना आणि त्यांच्या तारखांना आहे. उत्तर मला तेथेच दिसते आहे.

तीन बिले लागोपाठ नेमकी २६ युनिटांची आली आहेत. खऱ्या वाचनावरची बिले अशी येत नाहीत. कोणतेही कुटुंब दर दोन महिन्यांना मोजून तेवढेच पाणी वापरत नाही. एखादी सुट्टी, एखादे आजारपण, पावसाळा किंवा उन्हाळा यांनी आकडा थोडा तरी हलतोच. सारखाच आकडा तीनदा आला, याचा अर्थ मीटर कोणी पाहिलाच नाही आणि जुन्या मीटरच्या सरासरीवर बिल काढले गेले. आता छापील मागील वाचन पाहा. ते ७८ आहे, आणि २६ ची तिप्पटही ७८ च होते. नवा मीटर शून्यावर सुरू झाला असेल, तर त्यात प्रत्येक वेळी सरासरीचे २६ मिळवत कागदावरचे वाचन ७८ पर्यंत नेले गेले. चौथ्या वेळी वाचक प्रत्यक्ष येऊन मीटरवरचा १४९ हा आकडा लिहून घेऊन गेला, आणि यंत्रणेने १४९ मधून ७८ वजा करून ७१ युनिट एकट्या शेवटच्या दोन महिन्यांच्या माथी मारले.

मीटर बदलल्यानंतर असे होण्याचे कारण अगदी साधे आहे. मीटर बसवणारा एक असतो, त्याची नोंद ग्राहक खात्यावर चढवणारा दुसरा असतो आणि वाचन घेणारा तिसरा. नव्या मीटरचा क्रमांक यादीत चढेपर्यंत वाचकाच्या हातातील यादीत जुनाच क्रमांक राहतो. दारात दुसराच मीटर दिसला की तो शेरा मारून पुढे जातो आणि बिल सरासरीवर निघते. घराला कुलूप असणे, मीटरच्या खड्ड्यात पाणी साचणे किंवा काच धुरकट होऊन आकडे न दिसणे, या कारणांनीही हेच घडते. बिलाच्या कोपऱ्यात अशा वेळी ‘सरासरी’, ‘मीटर बंद’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा किंवा एखादे सांकेतिक अक्षर छापलेले असते, त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. जुनी तिन्ही बिले काढून तो शेरा आधी शोधावा. मीटर बदलताना दिलेली चिठ्ठीही शोधावी, कारण नव्या मीटरचे आरंभीचे वाचन आणि जुन्या मीटरचे अखेरचे वाचन तिच्यावरच लिहिलेले असते. नवा मीटर कारखान्यातील चाचणीमुळे कधीकधी शून्याऐवजी एखाद्या युनिटावर असतो. तेवढा फरक सोडून द्यावा.

म्हणजे ७१ हा आकडा खोटा नाही, मात्र तो दोन महिन्यांचा नाही. आठ महिन्यांत १४९ युनिट झाले, म्हणजे दर दोन महिन्यांना सव्वासदतीस. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १००० लिटर. त्या हिशेबाने आपल्या घरात दिवसाला सुमारे ६१३ लिटर पाणी मीटरमधून गेले. पाच माणसांच्या मानाने हा वापर अवाजवी म्हणता येणार नाही. तरीही तो सरासरीतील २६ युनिटांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण शोधणे आवश्यक आहे.

या फरकाची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे, जुना मीटर हळू फिरत होता. मीटर जलद फिरतो अशी शंका प्रत्येक दुसरा तक्रारदार बोलून दाखवतो, आणि त्यांच्या मनातील अस्वस्थता मी समजू शकतो. पण फिरत्या चाकाच्या यांत्रिक मीटरची झीज झाली की तो बहुतेक वेळा कमीच मोजतो. अक्षाची टोके झिजतात, चाकावर क्षार बसतो, घर्षण वाढते, आणि बारीक धार चाकाला हलवू शकत नाही. घरगुती मीटरचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४०६४ हे आहे. सर्वसाधारण घरगुती वापराचा जो मीटर ताशी २.५ घनमीटर या कायम प्रवाहासाठी असतो आणि ज्याच्या डायलवर आर ८०, म्हणजे कायम प्रवाह किमान प्रवाहाच्या ८० पट, अशी खूण असते, त्याचा किमान प्रवाह ताशी ३१.२५ लिटर असतो. ताशी ५० लिटरांच्या वर नव्या मीटरची चूक अधिक-उणे २ टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि ३१.२५ ते ५० लिटरांच्या दरम्यान ५ टक्क्यांच्या आत. त्याहून बारीक धारेसाठी अचूकतेची हमी नसते. वरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्हमधून, म्हणजे तरंगत्या चेंडूने उघडमीट होणाऱ्या झडपेतून, पाणी बारीक धारेने भरत राहते त्या घरांत जुना, झिजलेला मीटर बरेच पाणी न मोजताच जाऊ देतो. नवा मीटर आला की तेच पाणी मोजले जाते आणि ग्राहकाला वाटते की मीटर पळतो आहे. शिवाय नवा मीटर २ टक्के जास्त मोजतो असे गृहीत धरले, तरी ७१ युनिटांत दीड युनिटाचाही फरक पडत नाही. पंचेचाळीस युनिटांची वाढ मीटरच्या वेगातून निघत नाही.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो खरा आहे आणि तक्रार निवारणात पुष्कळदा झटकला जातो. जेथे पाणी ठरावीक वेळच येते तेथे नळ सुटताना आधी नळातील हवा जोराने पुढे ढकलली जाते, आणि यांत्रिक मीटरचे चाक त्या हवेनेही फिरते. पाणी सुटण्याच्या वेळी मीटरजवळ उभे राहून पाहावे. तोटीतून नुसता फुसफुस आवाज येत असताना आकडे सरकत असतील, तर त्याचे चलचित्र काढून ठेवावे आणि हवा काढणारा व्हॉल्व्ह वाहिनीवर बसवण्याची मागणी लेखी करावी.

दुसरे संभाव्य कारण म्हणजे गळती. दोन महिन्यांना सव्वाअकरा युनिट जास्त, म्हणजे ताशी साधारण पावणेआठ लिटर. एवढी गळती घरात कोणाच्या कानावरही पडत नाही. फ्लशच्या टाकीच्या तळाचा रबरी वॉशर कडक झाला, तर भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा काचेसारखा पातळ पापुद्रा उतरत राहतो. पाणी साचत नाही, आवाज येत नाही, फरशी कोरडी राहते. वाळलेला टिशू कागद भांड्याच्या आतील मागच्या भिंतीला चिकटवून ठेवला आणि तो पाच मिनिटांत वरून खाली ओला झाला, की गळती सापडलीच म्हणून समजावे. टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश न करणे हाही चांगला उपाय आहे. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदलावा.

वापर आठही महिने एकसारखा होता की शेवटच्या दोन महिन्यांतच काही बिघडले, हे सात दिवसांच्या वाचनाने ठरते. एका सकाळी मीटरचे छायाचित्र काढावे आणि बरोबर सात दिवसांनी त्याच वेळी दुसरे काढावे. डायलवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात. बिल फक्त काळ्यांवर निघते, परंतु तपासणीसाठी लालही टिपावेत. सात दिवसांत ४.३ युनिटांच्या आसपास वाढ झाली, तर आठ महिने वापर एकसारखाच चालू आहे आणि ७१ चा आकडा निव्वळ साठलेल्या वाचनाचा आहे. ती ८ युनिटांच्या घरात गेली, तर मात्र शेवटच्या दोन महिन्यांतच काहीतरी फुटले आहे आणि माझा वरचा तर्क अपुरा आहे. आज मीटर १४९ च्या मागे असल्याचे दिसले, तर वाचकाने आकडा चुकीचा लिहिला, आणि तक्रारीसाठी त्याहून भक्कम पुरावा नाही. शेवटचे काळे चाक दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेले असताना नेहमी लहान आकडा घ्यायचा असतो, आणि ४ व ९ हे आकडे धुरकट काचेतून एकसारखे दिसतात.

गळतीची रात्रीची तपासणी करताना बहुतेक जण एक चूक करतात. घरातील सर्व नळ बंद करतात, मीटरवरची चिमुकली चांदणी किंवा त्रिकोणी चकती स्थिर असल्याचे पाहतात आणि निर्धास्त होतात. ज्या घरात पाणी आधी टाकीत पडते आणि टाकीतून नळांना जाते तेथे या तपासणीला अर्थ उरत नाही. मीटर फक्त टाकीत पडणारे पाणी मोजतो. घरातील गळती आधी टाकीची पातळी उतरवते, मग फ्लोट उघडतो आणि तेव्हा कोठे चकती फिरते. म्हणून तपासणी दोन भागांत करावी. प्रथम टाकी काठोकाठ भरू द्यावी, टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळाला पाणी असताना मीटर पाहावा. चकती फिरत असेल, तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या, बहुधा जमिनीखालच्या नळीत आहे. ती स्थिर असेल, तर व्हॉल्व्ह बंदच ठेवून टाकीच्या आतील भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची खूण करावी, रात्री कोणी पाणी वापरू नये आणि सकाळी खूण पाहावी. पातळी उतरली असेल, तर गळती टाकीत किंवा घरात आहे.

मी पाहिलेल्या एका घरात या दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या होत्या आणि तरीही मीटर रात्रभर फिरत असे. तेथे जमिनीखालच्या टाकीचा फ्लोट वर येऊनही व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, कारण त्याच्या बैठकीत वाळूचा एक कण अडकला होता. आणि भरून वाहणारे पाणी टाकीच्या सांडव्यावाटे थेट बंद गटारात जात होते. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बंद केला की गळतीही थांबे, म्हणून ती तपासणीत सापडत नसे. त्या कुटुंबाने तोपर्यंत दोन मीटर बदलून घेतले होते. टाकी भरल्यावर झाकण उघडून सांडव्याच्या नळीकडे बॅटरीच्या उजेडात एकदा पाहावे, एवढेच सांगतो.

आता रकमेकडे वळू. पाण्याचा दर सगळीकडे एकसारखा नसतो, मात्र पुष्कळ ठिकाणी तो टप्प्यांचा असतो, म्हणजे वापर वाढत जाईल तसा पुढच्या युनिटांचा दर चढतो. साठलेले वाचन एकाच बिलात घातले की ग्राहक नाहक वरच्या टप्प्यात ढकलला जातो, आणि आपले खरे नुकसान येथे झाले आहे. समजण्यापुरते असे धरू की दोन महिन्यांतील पहिल्या २० युनिटांना दर १, पुढच्या २० युनिटांना २ आणि त्यापुढे ३ आहे. एकट्या ७१ युनिटांचे बिल २० अधिक ४० अधिक ९३, म्हणजे १५३ होते. तेच १४९ युनिट चार बिलांत सारखे वाटले, तर प्रत्येकी सव्वासदतीस युनिटांचे ५४.५ आणि चारही मिळून २१८ होतात. आपण २६ युनिटांची तीन बिले प्रत्येकी ३२ प्रमाणे, म्हणजे ९६ आधीच भरली आहेत. बाकी राहिली १२२. बिलात मागितले आहेत १५३. ही ३१ ची तफावत केवळ टप्प्यांमुळे पडली आहे आणि ती मागून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, असे मी मानतो. स्वतःच्या बिलामागे छापलेले दर घालून हाच हिशेब मांडावा. सांडपाण्याचा आकार पाणीपट्टीच्या टक्क्यांत असेल, तर तोही त्याच प्रमाणात कमी होईल. स्थिर आकारात आणि मीटरभाड्यात बदल होणार नाही.

एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असतील, तर टप्प्यांचा हाच फटका त्यांना प्रत्येक बिलात बसतो. तेथे स्वतंत्र जोडणी किंवा बिऱ्हाडांच्या संख्येनुसार टप्पे वाढवून मिळण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

बिल थांबवावे का, या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे. तक्रार दिली म्हणून देय दिनांक आपोआप पुढे जात नाही. विलंब आकार चढतो, पुढच्या बिलात थकबाकी दिसते आणि मग वाचनाची साधी चूक बाजूला राहून आपण थकबाकीदार ठरता. देय दिनांकापूर्वी लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि जेवढ्या रकमेबद्दल वाद नाही तेवढी भरण्याची परवानगी मागावी. अंशतः भरणा स्वीकारला जात नसेल, तर पूर्ण रक्कम भरून अर्जात ‘हक्क राखून भरणा केला आहे’ असे लिहावे. दुरुस्तीनंतर जास्तीची रक्कम पुढील बिलात वळती होते. ऐपतीच्या पलीकडचा आकडा असेल, तर हप्ते मागण्यात संकोच करू नये. साठलेले वाचन ही आपली चूक नाही, आणि तिचा भार एकदम उचलण्याची सक्ती मला अन्यायाची वाटते.

अर्ज एका पानाचा असावा. ग्राहक क्रमांक, मीटरवर कोरलेला क्रमांक, मीटर बदलल्याची तारीख, आरंभीचे वाचन, तिन्ही सरासरी बिलांच्या तारखा, आजचे वाचन आणि मागणी, एवढेच त्यात लिहावे. मागणी नेमक्या शब्दांत करावी : ‘१४९ युनिटांचा वापर मीटर बसवल्यापासूनच्या चार बिलकालावधींत विभागून, त्या-त्या कालावधीच्या टप्प्यांनुसार बिल दुरुस्त करावे आणि भरलेली रक्कम वजा करावी.’ ‘बिल फार आले, कमी करावे’ असा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, कारण वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. अर्जासोबत छायाचित्र देताना मीटरचा क्रमांक आणि आकडे एकाच चौकटीत यावेत. नुसत्या आकड्यांचे छायाचित्र कोणाच्याही मीटरचे असू शकते. शेजारी-शेजारी बसवलेल्या मीटरांत अदलाबदलीही होते, म्हणून आपला व्हॉल्व्ह बंद केल्यावर आपलाच मीटर थांबतो की शेजारचा, हे एकदा जरूर पाहावे.

मीटरची अधिकृत चाचणी मागता येते, पण तिला शुल्क असते आणि मीटर निर्दोष ठरला तर ते सहसा परत मिळत नाही. आपल्या प्रकरणात मी ती तूर्त मागणार नाही. तरी शंका राहत असेल, तर खुणेची बादली वापरून मीटरनंतरच्या पहिल्या नळातून एकूण १०० लिटर मोजून काढावेत आणि लाल आकडे किती पुढे गेले ते पाहावे. मोजमाप ढोबळ असते, त्यामुळे दोन-चार लिटरांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. १०० च्या जागी १२० आले, तर मात्र चाचणीचे शुल्क अवश्य भरावे.

भरण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. ऑनलाइन भरताना ग्राहक क्रमांक टाकल्यावर पडद्यावर येणारे नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि ते परत आणण्याचे काम फार किचकट असते. खात्यातून रक्कम वजा झाली आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये; व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा आणि ती रक्कम जमा झाली की परत आली, हे आधी पाहावे. भरलेले बिल पुढच्या बिलात थकबाकी म्हणून दिसले, तर भरण्याची तारीख आणि बिल तयार होण्याची तारीख ताडून पाहावी. पुष्कळदा बिल आधी तयार झालेले असते. बँकेला परस्पर वजावटीची सूचना दिलेली असेल, तर तिला कमाल मर्यादा घालावी, नाहीतर असे साठलेले बिल आपल्या नकळत पूर्ण वजा होते.

दुरुस्त बिल हाती आल्यावर त्यावरची रक्कम पाहून फाइल बंद करू नये. त्यानंतरचे बिल येईल तेव्हा त्यातील मागील वाचन १४९ आहे का, मीटरचा क्रमांक नव्या मीटरचाच छापला आहे का, आणि शेऱ्याच्या जागी पुन्हा ‘सरासरी’ तर आले नाही ना, हे तिन्ही पाहावे. शेरा पुन्हा आला, तर याचा अर्थ नवा मीटर वाचकाच्या यादीत अजूनही चढलेला नाही. त्याच दिवशी आजचे वाचन आणि छायाचित्र लेखी कळवावे, म्हणजे हा साठा दुसऱ्यांदा होणार नाही.